वजन उचलताना तुमची पॉवर किती? घरीच काढा

आधी वस्तूचं वजन करा, समजा 20 किलो, मग ती जमिनीवरून किती वर नेणार ते टेपने मोजा, समजा दीड मीटर. आता मोबाईलवर व्हिडिओ लावून उचला म्हणजे वेळ नीट कळतो, स्टॉपवॉच स्वतः दाबायला गेलात तर हात कुठून आणणार!

हिशोब सोपाय: 20 गुणिले 9.8 (पृथ्वीच्या ओढीचा आकडा) म्हणजे 196 न्यूटन, हा झाला लागणारा जोर, त्याला दीडने गुणलं की 294 ज्यूल, हे झालं काम. हे काम सावकाश उचला नाहीतर झटक्यात, तेवढंच राहतं. बदलते ती पॉवर, म्हणजे काम भागिले लागलेले सेकंद: 2 सेकंद लागले तर 147 वॅट, एकाच सेकंदात उचललं तर थेट 294. आणि इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो, त्यांना वाटतं दुप्पट स्पीड म्हणजे दुप्पट जोर, पण एकसारख्या स्पीडने वर नेताना जोर तोच 196 न्यूटन लागतो, जास्त जोर फक्त सुरुवातीला वेग पकडताना. म्हणून झटका देऊ नका, कंबर तिथेच धरते.

आणि हो, गुडघे वाकवून उठलात तर स्वतःचं अंगही उचललंत, ते या आकड्यात धरलेलं नाही.