साथीत सरकारला पास-नापास करताना या चुका टाळा

कोरोनाचा विषय निघाला की आमच्या कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर अजूनही दोनच निकाल लागतात: सरकारनं वाचवलं, नाहीतर सरकारनं मारलं. हिशेब कुणालाच नको असतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे एकाच तारखेचे आकडे शेजारी ठेवून दोन गावं तोलणं. ही मीही केलीय. जून २०२१ मध्ये राज्यानं निर्बंधांसाठी जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले; स्तर जितका वरचा, तितके निर्बंध कडक. मुंबई तिसऱ्यात, आपण चौथ्यात. महाद्वार रोडवरची दुकानं बंद बघून मी जाहीर करून टाकलं, "आपलं प्रशासन नापास." लॅबमध्ये काम करणारा मित्र म्हणाला, "भावा, मुंबईची लाट कधी चढली आणि आपली कधी, तेवढं सांग की." मला सांगता येईना. मुंबईत एप्रिलच्या सुरुवातीलाच कळस होऊन गेला होता. आपल्याकडं मे-जूनमध्ये रुग्ण वाढत होते. घाट उतरणाऱ्या गाडीशी मी चढणारी गाडी ताडून बघत होतो. मग त्यानंच विचारलं, "मुंबईकडं बघून जे आठवडे हातात मिळाले, त्यात इथं ऑक्सिजनचे बेड किती वाढले?" विचारायचं होतं ते हे. तेव्हापासून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं तारखा नाही, लाट सुरू झाल्यापासूनचे आठवडे मांडतो. वेळ जातो. दोन मिनिटांत निकाल हवा असणाऱ्यांनी व्हॉट्सॲपवरचे तक्ते खुशाल फिरवावेत, मला पाठवू नयेत.

कुठलं सरकार, हे आधी ठरवा. देशव्यापी टाळेबंदी केंद्राची, आरोग्य हा विषय राज्याचा. लस कुणी विकत घ्यायची, हे तर मे आणि जून २०२१ मध्ये दोनदा बदललं.

नोंदलेले मृत्यू म्हणजे सगळे मृत्यू नव्हेत. २०२० आणि २०२१ मिळून भारताची सरकारी नोंद सुमारे ४.८ लाख, जागतिक आरोग्य संघटनेचा जादा मृत्यूंचा, म्हणजे एरवी झाले असते त्यापेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा, अंदाज सुमारे ४७ लाख. केंद्रानं ती पद्धतच अमान्य केली. मी दोन्ही आकडे लिहितो, सोयीचा एकच उचलत नाही.

मार्च २०२० च्या निर्णयाला २०२२ ची अक्कल लावू नका. पण देश बंद करायला चार तासांचीच मुदत का, हे त्या रात्रीही विचारता येत होतं.

आणि पक्ष बघून मार्क देणाऱ्यांना मी पक्षाचं नाव झाकून तोच निर्णय पुन्हा वाचायला लावतो. निम्मे तिथंच उठून जातात.