अर्थशास्त्राच्या मास्टर्सचा पैसा: फीचं गणित आणि शिष्यवृत्तीचं कॅलेंडर

परदेशातल्या मास्टर्सचे वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होणार असतील तर पैशांचं काम आदल्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यातच हाती घ्यावं लागतं. एवढ्या लवकर कशाला, असं वाटेल. पण बऱ्याच मोठ्या शिष्यवृत्त्यांच्या मुदती प्रवेशाच्या मुदतींच्या आधी संपतात. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग ऑगस्टमध्ये उघडते आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होते. युरोपातल्या इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रमांचे (अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या मास्टर्सचे) अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत घेतले जातात. फ्रान्सच्या आयफेल शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाला जानेवारीत नाव पाठवायचं असतं, म्हणजे विद्यापीठाची स्वतःची मुदत त्याच्याही आधी. अमेरिकेतल्या पीएचडीचे बहुतेक अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. ‘आधी अ‍ॅडमिशन होऊ दे, मग स्कॉलरशिपचं बघू’ या क्रमाने जाणाऱ्याच्या हातात मार्चमध्ये ऑफर लेटर असतं आणि समोर उरते फीतली किरकोळ सवलत किंवा कर्ज.

आधी खरा आकडा काढा

एक स्प्रेडशीट उघडा. प्रत्येक अभ्यासक्रमाला एक ओळ. रकाने असे: ट्यूशन फी, नोंदणी आणि सेमिस्टर शुल्क, राहणं-खाणं, आरोग्य विमा, व्हिसा, प्रवास, अर्ज आणि भाषेच्या परीक्षेचा खर्च, आणि घराचं डिपॉझिट. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असेल तर दुसऱ्या वर्षाची फी वाढवून धरा. ऑफर लेटरमधला आकडा बहुतेक वेळा फक्त पहिल्या वर्षाचा असतो.

अर्थशास्त्रात एक खर्च हमखास सुटतो. अनेक विभाग वर्ग सुरू होण्याआधी दोन-तीन आठवडे ‘मॅथ कॅम्प’ घेतात: लिनिअर अल्जिब्रा, ऑप्टिमायझेशन, संभाव्यता. भाडं आणि खाणं तेव्हापासून सुरू होतं, शिष्यवृत्तीचे पैसे मात्र अधिकृत सत्रापासून. हा काळ वेगळ्या रकान्यात लिहा.

मग हमखास मिळणारी मदत वजा करा. ‘हमखास’ म्हणजे पत्रावर लिहून आलेली. पार्ट-टाइम नोकरीचं संभाव्य उत्पन्न इथे धरू नका. मास्टर्सचं पहिलं सत्र मायक्रो, मॅक्रो आणि इकॉनॉमेट्रिक्समध्ये इतकं भरलेलं असतं की आठवड्याला वीस तास काम करून उत्तीर्ण होणं बहुतेकांना झेपत नाही.

सवलतीच्या टक्क्यांना भुलू नका. समजा (एकक कुठलंही धरा) एका ठिकाणी फी ४० आणि सवलत २५ टक्के, दुसऱ्या ठिकाणी फी १८ आणि सवलत शून्य. पहिल्याचं पत्र ‘मेरिट स्कॉलरशिप’ म्हणून येतं आणि घरात आनंद होतो, पण तिथे ३० भरायचे आहेत. तुलना नेहमी शेवटच्या रकान्यातल्या निव्वळ खर्चाची. एक वर्षाचा महागडा अभ्यासक्रम आणि दोन वर्षांचा स्वस्त यांची तुलना करताना दुसऱ्या वर्षाचा राहण्याचा खर्च आणि बुडालेला वर्षभराचा पगारही धरा. संधी खर्च, म्हणजे एक पर्याय निवडल्यामुळे हातची गेलेली दुसऱ्याची किंमत, ही संकल्पना या विषयाच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात. स्वतःच्या फीचा हिशेब करताना ती विसरू नये.

पीएचडी करायची असेल तर मास्टर्सवर खर्च करण्याआधी थांबा

अमेरिकेतल्या बऱ्याच चांगल्या विभागांत अर्थशास्त्राच्या पीएचडीला थेट पदवीनंतर प्रवेश मिळू शकतो. प्रवेशासोबत फी माफ होते, आरोग्य विमा मिळतो आणि साधारण पाच वर्षं स्टायपेंड (राहण्या-खाण्यासाठीचा भत्ता) येतो. बदल्यात काही सत्रं टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंट म्हणून काम. मास्टर्सला मात्र तीच विद्यापीठं पूर्ण फी घेतात. ध्येय संशोधनाचंच असेल तर मास्टर्ससाठी मोठं कर्ज काढण्याआधी निदान चार-पाच ठिकाणी पीएचडीचा अर्ज टाका. गणिताची तयारी कमी पडत असेल तर प्रीडॉक हा मधला मार्ग आहे: एक-दोन वर्षं प्राध्यापकांच्या हाताखाली पगारी संशोधन सहायक. पैसे भरण्याऐवजी मिळतात, शिवाय जवळून काम पाहिलेल्या माणसाचं शिफारसपत्र हाती येतं. नुसतं ‘मधेच मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडू’ या हेतूने मात्र पीएचडीला जाऊ नका. पहिल्या वर्षाच्या परीक्षा अर्ध्या मनाने देता येत नाहीत.

कॅनडात अनेक विभाग मास्टर्सच्या विद्यार्थ्यांनाही टीचिंग असिस्टंटशिप देतात. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टर शुल्क. अपवाद लक्षात ठेवा: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात, आणि मानहाइम, हायडेलबर्ग, ट्युबिंगन ही अर्थशास्त्रासाठी नावाजलेली विद्यापीठं त्याच राज्यात आहेत.

कोणती शिष्यवृत्ती कुठे अडते

चेव्हनिंग एक वर्षाच्या मास्टर्सची फी, राहण्याचा खर्च आणि प्रवास देते. अट २,८०० तासांच्या कामाच्या अनुभवाची, म्हणजे साधारण दोन वर्षं. इंटर्नशिप आणि पार्ट-टाइम तासही मोजले जातात. शिकून झाल्यावर मायदेशी परतून दोन वर्षं राहावं लागतं. लगेच बाहेर नोकरी धरायचा बेत असेल तर ही तुमच्यासाठी नाही.

इरॅस्मस मुंडसमध्ये दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, आणि फी माफ. प्रवास आणि व्हिसाचा खर्च याच रकमेतून भागवायचा. क्यूईएम, ईपॉग, ग्लोडेप हे अर्थशास्त्राच्या आणि विकास अभ्यासाच्या बाजूचे अभ्यासक्रम. युरोपियन निधी ठरावीक तुकड्यांपुरता मिळतो आणि मग संपतो, म्हणून यंदाच्या तुकडीला शिष्यवृत्तीच्या जागा आहेत का, हे अर्जापूर्वी विचारा. अभ्यासक्रम चालू असतो, निधी संपलेला असतो, आणि प्रवेश ‘स्वखर्चाने’ मिळतो, असं होतं.

आयफेलला विद्यार्थ्याला थेट अर्ज करता येत नाही, नाव विद्यापीठच सुचवतं. मास्टर्ससाठी वयाची मर्यादा २५. खरी अडचण इथे: दोन विद्यापीठांनी एकाच विद्यार्थ्याचं नाव पाठवलं तर अर्ज बाद होतो. म्हणून एकाच विद्यापीठाला होकार द्या आणि बाकीच्यांना तसं स्पष्ट कळवा.

जपान सरकार आणि जागतिक बँकेची संयुक्त शिष्यवृत्ती विकसनशील देशांतल्या नोकरदारांसाठी आहे. पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत आणि विकासाशी निगडित क्षेत्रात तीन वर्षं पूर्णवेळ पगारी काम केलेलं हवं. प्रवेशपत्र बिनशर्त लागतं. फक्त ‘निधीची सोय झाल्यास’ ही एक अट चालते. पत्रात ‘अंतिम गुणपत्रिका सादर केल्यावर’ असं वाक्य असेल तर अर्ज तिथेच थांबतो. विद्यापीठाला आधीच गुणपत्रिका देऊन सुधारित पत्र मागून घ्या.

सगळीकडे निबंध लागतो आणि तिथे बहुतेक अर्ज सारखेच दिसतात. ‘मला देशाच्या विकासात योगदान द्यायचं आहे’ यातून निवड समितीला काही कळत नाही. एक प्रश्न घ्या: पीक विमा घेतलेले शेतकरी दुसऱ्या वर्षी तो का सोडतात? त्यासाठी कोणती आकडेवारी आहे, कोणती पद्धत शिकायची आहे, ती या अभ्यासक्रमाच्या कोणत्या पेपरात आहे, हे चार वाक्यांत मांडा. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान सहा आठवडे आधी सांगा आणि सोबत गुणपत्रिका, निबंधाचा मसुदा आणि मुदतींची यादी द्या.

पैसे खात्यात कधी दिसले पाहिजेत

पुरेसे पैसे असूनही व्हिसा नाकारला जातो, तो तारखांमुळे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाची न भरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा ठरवून दिलेला राहण्याचा खर्च, एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आत यावा लागतो. सव्विसाव्या दिवशी विमानाचं तिकीट काढलं आणि शिल्लक थोडी जरी खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. म्हणून लागते त्यापेक्षा थोडी जास्त रक्कम ठेवा आणि रोजच्या खर्चाचं खातं वेगळं ठेवा. आई-वडिलांच्या खात्यातले पैसे चालतात, पण नात्याचा पुरावा आणि त्यांचं संमतीपत्र जोडावं लागतं. जर्मनीसाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं, उघडतात: सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, त्यातले महिन्याला ९९२ काढता येतात.

शिष्यवृत्ती मिळाली तरी तिचा पहिला हप्ता नोंदणी होऊन स्थानिक बँक खातं उघडल्यावरच येतो. दोन ते तीन महिन्यांचा खर्च आणि घराचं डिपॉझिट हाताशी हवंच.

कर्ज घ्यावं लागलं तर

समजा १,००,००० कर्ज, वार्षिक १० टक्के सरळव्याज, पहिली दोन वर्षं हप्ता नाही. दोन वर्षांनी देणं १,२०,००० होतं. ते १० वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण १,५८६, एकूण सुमारे १,९०,३००. दोन वर्षांचं २०,००० व्याज मुद्दलात मिसळण्याआधी भरून टाकलं तर हप्ता १,३२२ वर येतो. सरळव्याज असेल तर हे पैसे दरमहा भरायची घाई नाही. बाजूला साठवत राहा, अडीअडचणीला उपयोगी पडतील, आणि हप्ता नसलेली दोन वर्षं संपण्याच्या आधीच्या महिन्यात एकरकमी भरा. व्याज दरमहा चक्रवाढीने चढत असेल, किंवा ते भरत राहिल्यास बँक दरात सवलत देत असेल, तर मात्र महिन्याच्या महिन्याला भरणंच फायद्याचं. करारात हे कुठे लिहिलंय ते सहीआधी शोधा.

ऑफर आल्यावर

अमेरिकेतली बहुतांश विद्यापीठं १५ एप्रिलचा ठराव पाळतात: आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरला त्या तारखेआधी होकार देण्याची सक्ती ती करत नाहीत. तोवर दुसऱ्या ठिकाणची ऑफर नम्रपणे कळवून मदत वाढवता येईल का हे विचारता येतं. ई-मेल चार ओळींचा, सोबत दुसरं पत्र. नकार आला तरी त्यामुळे पहिली ऑफर जात नाही. ज्या देशांत हा ठराव नाही तिथे सीट डिपॉझिटची (जागा राखण्यासाठी भरायच्या रकमेची) तारीख आणि ते परत मिळतं का, हे आधी पाहा. शिष्यवृत्तीचा निकाल मेमध्ये असेल आणि डिपॉझिट एप्रिलमध्ये मागत असतील तर मुदतवाढ मागा, अनेकदा मिळते.

सही करण्याआधी दुसऱ्या वर्षाची अट वाचा. किती सरासरी लागते, एखादा पेपर राहिला तर काय, थिसिस सहा महिने लांबला तर फी कोण भरणार, याची उत्तरं पत्रात नसतील तर विभागाच्या कार्यालयाकडून लेखी मागवून घ्या.