गव्हर्नरची लढत अटीतटीची असेल तर या चुका टाळा

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प जवळजवळ ३० टक्क्यांच्या फरकाने जिंकले होते. तीन वर्षांनी तिथेच त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर मॅट बेविन ५,१३६ मतांनी पडले. मतदानाच्या आदल्या रात्री ट्रम्प स्वतः लेक्सिंग्टनला येऊन सभा गाजवून गेले होते, तरीही. अशा निकालानंतर सगळे कपाळाला हात लावतात आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा त्याच चुका करतात. आपण लांबून पाहणारे करतो, एखाद्या उमेदवारासाठी फोन फिरवणारी तिथली आपली मंडळी करतात, आणि भरपूर पैसे घेणारे सल्लागारही करतात.

गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत

ही चूक भाषेमुळे होते. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेतला गव्हर्नर थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो. राज्याचा अर्थसंकल्प मांडणं, विधेयकं अडवणं, आपत्तीत हुकूम काढणं ही त्याची कामं. म्हणजे तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, फक्त आमदारांची जुळवाजुळव न करता खुर्चीवर बसलेला. त्यामुळे मतदार त्याच्याकडे शाळा, रस्ते, कर आणि पेन्शनचा हिशेब मागतो.

वॉशिंग्टनचं गणित राज्यात मांडू नका

बेविन यांनी नेमकं हेच केलं. प्रचारात ट्रम्प, महाभियोग, गर्भपात. तिकडे राज्यातले शिक्षक त्यांच्यावर दीड वर्षापासून चिडलेले. २०१८ मध्ये पेन्शनमधले बदल सांडपाण्याच्या एका विधेयकात घुसडून काही तासांत मंजूर करून घेतले गेले (हो, सांडपाण्याच्याच), आणि बेविन यांनी त्यावर सही केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा त्याच वर्षी रद्द ठरवला. शिक्षक शाळा बंद ठेवून राजधानीत निदर्शनं करायला आले, तेव्हा बेविन म्हणाले की, आज कुठेतरी एखाद्या मुलावर अत्याचार झाला असणार, कारण घरी लक्ष ठेवायला कोणी नव्हतं. नंतर माफी मागितली, पण बोललेला शब्द परत घेता येतो थोडाच? समोरच्या अँडी बेशियर यांनी सहउमेदवार म्हणून (उपगव्हर्नरपदासाठी) शाळेतल्याच एका बाईंना घेतलं आणि शिक्षण, पेन्शन, आरोग्य विमा यांपलीकडे फारसे गेले नाहीत.

त्याच दिवशी राज्यपातळीवरची निवडून द्यायची बाकीची पाचही पदं बेविन यांच्याच पक्षाने जिंकली. मतदारांनी पक्ष सोडला नव्हता. एक माणूस तेवढा गाळला. आपल्याकडे लोकसभेला एक आणि विधानसभेला दुसरंच बटण दाबणारे मतदार असतात. तिथे तर एकाच मतपत्रिकेवर हे घडतं. ॲरिझोनात २०२२ साली केरी लेक गव्हर्नरपदासाठी १७,११७ मतांनी हरल्या, आणि त्यांच्याच पक्षाच्या किंबर्ली यी खजिनदारपदासाठी ११ टक्क्यांनी जिंकल्या. त्याआधी लेक यांनी भर सभेत जॉन मॅकेन यांना मानणाऱ्या रिपब्लिकनांना चालते व्हा म्हणून सुनावलं होतं. मॅकेन तीस वर्षांहून अधिक काळ त्याच राज्याचे सेनेटर होते! काठावरच्या लढतीत घरातल्या माणसांना दार दाखवायचं नसतं, हे सांगायला सल्लागार कशाला लागतो?

आपले मतदार बाहेर काढले की झालं, असं समजू नका

व्हर्जिनिया, २०२१. डेमोक्रॅटिक पक्षाचे टेरी मॅकऑलिफ आधी एकदा गव्हर्नर होऊन गेलेले. तिथे सलग दोनदा त्या पदावर राहता येत नाही, म्हणून मध्ये एक मुदत गेली. बायडन वर्षभरापूर्वी तिथे १० टक्क्यांनी जिंकलेले. मॅकऑलिफ यांना सुमारे १६ लाख मतं पडली. २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाचे राल्फ नॉर्दम १४ लाखांवर आरामात जिंकले होते. म्हणजे मतदार बाहेर पडले, पण समोरचे जास्त पडले. रिपब्लिकन ग्लेन यंगकिन सुमारे ६४ हजार मतांनी जिंकले.

सप्टेंबरच्या अखेरीस वादसभेत मॅकऑलिफ म्हणाले होते की, शाळांनी काय शिकवावं हे पालकांनी सांगावं असं मला वाटत नाही. विषय होता गव्हर्नर असताना त्यांनी नाकारलेल्या, शाळेतल्या पुस्तकांविषयीच्या विधेयकाचा. पण ऐकणारे होते कोविडमध्ये महिनोन् महिने मुलांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉपसमोर बसवलेले आईबाप. यंगकिन यांनी ते वाक्य लगेच जाहिरातीत घातलं. वाक्य संदर्भ सोडून वापरलं जातंय, अशी मॅकऑलिफ यांची जाहिरात आली तीनेक आठवड्यांनी, आणि व्हर्जिनियात मतदान ४५ दिवस आधीच सुरू होतं.

मला विचाराल तर चूक वाक्यापेक्षा उशिराची. ‘हे ट्रम्पचेच’ हा एकच शिक्का यंगकिन यांच्यावर मारत राहणं ही दुसरी. यंगकिन ट्रम्पना ना झिडकारत होते, ना सोबत घेऊन फिरत होते. किराण्यावरचा कर काढतो, एवढं सांगत होते.

चाचणीतला फरक म्हणजे निकाल नव्हे

व्हर्जिनियात मतदान झालं त्याच दिवशी न्यू जर्सीतही गव्हर्नरची निवडणूक. मॉनमथ विद्यापीठाच्या शेवटच्या चाचणीत तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी ५० टक्के, समोरचे जॅक चिटारेली ३९. सगळे निश्चिंत. निकाल लागला ५१ विरुद्ध ४८. चाचणी घेणाऱ्या पॅट्रिक मरी यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून चूक कबूल केली, आणि हा मोकळेपणा या धंद्यात विरळाच. पण आकडे पुन्हा पाहा: मर्फींचा आकडा जवळजवळ बरोबर होता, उरलेले ११ टक्के कुठे जातील ते कळलं नव्हतं. चाचणी वाचताना ‘अमुक इतक्याने पुढे’ याच्याआधी न ठरवलेले किती ते बघा. शिवाय चाचणीसोबत ‘अधिक-उणे ३ टक्के’ अशी जी संभाव्य चूक सांगतात, ती प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला लागू असते. दोघांमधल्या फरकाला ती जवळपास दुप्पट धरावी लागते.

ओळख म्हणजे मत नव्हे

बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) उतरले. स्वतःचे कोटभर डॉलर ओतून लवकर जाहिराती सुरू केल्या, सुरुवातीच्या चाचण्यांत वर दिसले, आणि शेवटी तिसरे आले. जिंकल्या ग्रेचन व्हिटमर. चार वर्षांनी ठाणेदार डेट्रॉइटमधून संसदेत गेले, ती गोष्ट वेगळी.

मोजणीच्या रात्री झोपू नका

वॉशिंग्टन राज्यात २००४ साली डिनो रॉसी पहिल्या मोजणीत २६१ मतांनी पुढे होते, यंत्रांच्या फेरमोजणीत ४२ मतांनी. हाताने मोजल्यावर क्रिस्टीन ग्रेगवार १२९ मतांनी जिंकल्या. मधल्या काळात सही जुळत नाही म्हणून बाजूला ठेवलेल्या मतपत्रिकांच्या मतदारांना शोधत कार्यकर्ते किंग काउंटी या जिल्ह्यात दारोदार फिरले. टपालाने मत देणाऱ्या घरच्यांना अजूनही हेच सांगा: सही नोंदणीवर आहे तशीच करा, आणि मत स्वीकारलं गेलं का ते निवडणूक कार्यालयाच्या साइटवर बघा. त्रुटी सुधारायला बऱ्याच राज्यांत काही दिवस मिळतात.

फेरमोजणीचा नियमही राज्याराज्यात वेगळा, तो आधी वाचून ठेवा. विस्कॉन्सिनमध्ये फरक १ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर फेरमोजणी मागता येणार नाही, अशा कायद्यावर गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी २०१७ मध्ये सही केली होती. पुढच्याच वर्षी ते टोनी एव्हर्स यांच्याकडून १.१ टक्क्यांनी हरले.