निळं पॉलिमर पोपटी पडतं तेव्हा

ओएलईडीसाठी (वीज दिली की स्वतः पेटणाऱ्या सेंद्रिय थरांचं डिव्हाइस) पॉलिमर करायला नुकतेच लागलेल्यांसाठी लिहितोय. पीपीव्ही या पॉलिमरचा थर पिवळट हिरवा पेटल्याचं केंब्रिजच्या गटानं १९९० साली छापलं, तिथून पुढची गोष्ट आणि आयटीओचा पारदर्शक इलेक्ट्रोड, पेडॉटचा वाहक थर, पॉलिमर, कॅथोड हा थरांचा क्रम तुम्हाला पाठ असेलच.

मला पॉलिफ्लोरीन या निळ्या पॉलिमरनं आठ महिने रडवलं. यूव्ही दिव्याखाली द्रावण झकास निळं. डिव्हाइसला व्होल्टेज दिलं की निळं पेटायचं आणि बघता बघता पिक्सेल पोपटी! स्पेक्ट्रममध्ये ५३५ नॅनोमीटरच्या आसपास पसरट उंचवटा. लॅबमध्ये सगळे म्हणाले, पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना चिकटतात. मग काय, सॉल्व्हंट बदल, अ‍ॅनीलिंगचं तापमान बदल, स्पिन कोटरचा वेग बदल. सगळं फुकट.

खोट मोनोमरमध्ये, म्हणजे ज्या रेणूंची साखळी बनते त्यांच्यात होती. फ्लोरीनच्या (fluorene, तो वायू नव्हे) नवव्या कार्बनवर दोन अल्किल साखळ्या लागतात. कुठे एकच लागली तर तिथे हायड्रोजन उरतो, तो सहज ऑक्सिडाइज होतो आणि फ्लोरीनोन हे कीटोन तयार होतं. शेकड्यात एखादंही पुरे. फिल्ममध्ये ऊर्जा या साखळीवरून त्या साखळीवर जात शेवटी तिथेच अडकते. डिव्हाइसमध्ये इलेक्ट्रॉनही तिथेच अडकतात, त्यामुळे डिव्हाइस फिल्मपेक्षा जास्त हिरवं दिसतं. पातळ द्रावणात साखळ्या दूर दूर, म्हणून तिथे काहीच कळत नाही. नुसत्या द्रावणाच्या स्पेक्ट्रमवर खूश होऊ नका. पुन्हा सांगतो, होऊ नका.

टीएलसीवर (पातळ थरावर ठिपके वेगळे करण्याची चाचणी) भरवसा नको, एक साखळीवाल्या आणि दोन साखळ्यांच्या मोनोमरचे ठिपके जवळजवळ एकावर एक बसतात. एनएमआरच्या (हायड्रोजन कुठे आहे ते दाखवणाऱ्या) स्पेक्ट्रममध्ये ३.९ पीपीएमपाशी बेसलाइन ताणून त्या उरलेल्या हायड्रोजनची बारकी ट्रिपलेट (तीन टोकांची खूण) शोधा. सापडली तर मोनोमर कोरड्या टीएचएफ सॉल्व्हंटमध्ये पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइडबरोबर ढवळा, अ‍ॅल्युमिनावरून गाळा. हिरव्या पडलेल्या फिल्मच्या आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रममध्ये १७२० सेमी⁻¹ पाशी फ्लोरीनोनचं कार्बोनिल दिसलं, तर वाद मिटला.

हे मला गाईडनी नाही, एका सीनियर ताईनं सांगितलं. तिच्याकडे फक्त बिघडलेल्या डिव्हाइसची वेगळी वही होती. असं माणूस शोधा, पेपरांची यादी दाखवणारे कुठेही भेटतात. आणि ‘विकतचा मोनोमर आहे, शुद्धच असणार’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

शॉर्ट झालेल्या पिक्सेलचं मनावर घेऊ नका, माझी पहिली अख्खी बॅच तशीच गेली होती. सुझुकीनंतर (मोनोमर जोडणारी अभिक्रिया) उत्प्रेरक पॅलेडियम नीट धुवून काढायचं राहिलं असेल, तर मात्र स्वतःला थोडं रागवा.