पेब्रिनचा बीजाणू ओळखताना

अंडी घालून झाली की मादी पतंग फेकायची नाही. तिचं पोट हाच त्या अंडीपुंजाचा दाखला. रेशीम अळीला पेब्रिन हा रोग करणारा नोसेमा बॉम्बिसिस हा परजीवी आईकडून थेट अंड्यात उतरतो. अळी रोगी जन्मली की तिला औषध नाही, म्हणून आधी आई तपासायची. लुई पाश्चर 1865 साली फ्रान्समध्ये आलेसला गेले आणि पुढे त्यांनी हीच रीत बसवून दिली. आमच्या अंडीपुंज केंद्रात मी रोज तेच काम करते.

मादी आणि तिच्या अंड्यांचा कागद, दोन्हींवर एकच क्रमांक घाला. पोट खलात घेऊन 0.6 टक्के पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण चार-पाच मिली घाला आणि बारीक वाटा. प्रत्येक मादीनंतर खल-बत्ता निर्जंतुक करा, नाहीतर एकीचे बीजाणू दुसरीच्या नावावर चढतात. मलमलीतून गाळा, सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला 3000 फेऱ्यांवर पाच मिनिटं फिरवा, वरचं पाणी ओतून टाका. तळाच्या साक्याचा थेंब काचपट्टीवर घ्या. 15चं नेत्रभिंग आणि 40चं वस्तुभिंग, म्हणजे 600 पट. कंडेन्सरचा, म्हणजे खालून उजेड एकवटणाऱ्या भिंगाचा, पडदा थोडा मिटवा, भगभगीत उजेडात बीजाणू हरवतो.

आता घाई नको. बीजाणू तीन-चार मायक्रॉन लांब, दोनेक रुंद, गुळगुळीत, लंबगोल असतो आणि त्याला फिकट निळसर-हिरवी चमक असते. बारीक स्क्रू किंचित फिरवला की कड गडद होते, मधला भाग उजळतो. तो जागच्या जागी थरथरतो, हळूच कूस बदलतो. ही थरथर त्याची स्वतःची नाही, पाण्याचे रेणू त्याला ढकलत असतात. तेवढाच धुळीचा कणही तसाच हलतो, म्हणून नुसत्या थरथरीवर शिक्का मारू नका. चरबीचे थेंब अगदी गोल आणि लहानमोठे असतात, सुदान-3 हा रंग घातला की ते लालसर होतात. ग्रासरी या विषाणूजन्य रोगाचे स्फटिक कोनदार असतात आणि अल्कलीत विरघळतात. पेब्रिनचा बीजाणू मात्र टिकून राहतो, आणि सगळे जवळजवळ एकाच मापाचे दिसतात.

माझ्या दुसऱ्या वर्षी, गर्दीच्या दिवसांत, मी काचपट्टीवरची तीनच क्षेत्रं (भिंगातून एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक क्षेत्र) पाहून एक पुंज पास केला होता. नंतर जालन्याकडच्या त्या शेतकऱ्याच्या रॅकवर बोटाएवढ्या अळ्यांशेजारी अर्ध्या लांबीच्या अळ्या पडलेल्या मी स्वतः पाहिल्या. काहींच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके होते. पेब्रिन हे नावच दक्षिण फ्रान्सच्या बोलीतल्या मिरीच्या शब्दावरून आलंय. तेव्हापासून मी दहा क्षेत्रांखाली थांबत नाही.

वर्गीकरणाचं म्हणाल, तर बीजाणू सुटे आहेत की पिशवीत, हे आधी बघा. नोसेमाचे सुटे असतात. आठ-आठ एका पिशवीत दिसले तर थेलोहानिया या नोसेमाच्याच नात्यातल्या परजीवीचा संशय धरा, एकाच पिशवीत खूप असतील तर प्लिस्टोफोरा या तशाच दुसऱ्या परजीवीचा. शास्त्रज्ञ नेगेलींनी 1857 मध्ये नोसेमाला यीस्टसारख्या बुरशीत बसवलं, मग तो आदिजीवांत गेला आणि आता पुन्हा बुरशीच्या नात्यात आलाय. नेमकी जात मात्र आपल्या सूक्ष्मदर्शकावर ठरत नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि डीएनए तपासणी लागते.

एकच बीजाणू दिसला तरी त्याच साक्याची दुसरी काचपट्टी करा. तिच्यावरही दिसला, तर त्या क्रमांकाचा अंड्यांचा कागद त्याच दिवशी जाळा.