संहितेविना प्रवेश कसा उभा करावा

उत्स्फूर्त विनोदी नाट्य, म्हणजेच इम्प्रॉव्ह, हा प्रकार आजच्या रूपात मुख्यतः शिकागोत वाढला. व्हायोला स्पोलिन यांनी रचलेल्या नाट्यखेळांच्या पायावर त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांसह १९५९ मध्ये तेथे ‘सेकंड सिटी’ ही विनोदी नाट्यसंस्था सुरू केली. मराठवाड्यातील नटाला ऐनवेळी सुचलेले बोलणे नवे नाही, कारण तमाशातील सोंगाड्या बतावणीत हेच करतो. मात्र बतावणीचा सांगाडा आधी ठरलेला असतो आणि इम्प्रॉव्हमध्ये तोही नसतो. युवक महोत्सवासाठी प्रहसन बसवणारी आपली मुले पाठ केलेल्या हशांवर विसंबतात, आणि इम्प्रॉव्हमध्ये नेमकी तीच सवय आड येते.

पहिला नियम स्वीकाराचा आहे: सहकलाकाराने जे सांगितले ते खरे मानावे आणि त्यात स्वतःची एक भर घालावी. समजा, एकाने विचारले, ‘मामा, लातूरची गाडी गेली का हो?’ यावर दुसरा ‘कसली गाडी, हा तर दवाखाना आहे’ असे म्हणाला, तर एक हशा मिळतो आणि प्रवेश तिथेच खुंटतो. त्याऐवजी ‘गेली की. तुही बायको बी त्याच्यातच गेली,’ असे उत्तर आले, तर स्थळ, नाते आणि पेच हे सगळे एका वाक्यात उभे राहते. आता भाच्याने ‘माझे लग्नच झालेले नाही’ असे म्हणू नये. ‘तिकिटाला पैसे कुणी देले तिला?’ असे विचारावे, म्हणजे मामाला ‘म्याच देले’ म्हणण्याची वाट मोकळी होते. स्वीकार नटाने करायचा असतो, पात्राने नव्हे. भाचा मामाशी कडाकडा भांडू शकतो, फक्त गाडी गेली हे दोघांनाही मान्य असले पाहिजे.

‘तू कोण?’ किंवा ‘इथे काय चालले आहे?’ असे रिकामे प्रश्न टाळावेत, कारण ते रचनेचा सगळा भार समोरच्यावर टाकतात. वरच्या उदाहरणातील पहिले वाक्यही प्रश्नच आहे, पण त्यात मामा आहे, लातूर आहे आणि हुकलेली गाडी आहे.

पहिली विचित्र गोष्ट सापडली की नवी शोधू नये. लोकांना गुपचूप गाडीत बसवून देणे हा मामाचा छंद असेल, तर काल त्याने सरपंचाला पुण्याच्या गाडीत बसवले आणि आता कंडक्टरलाच परभणीला धाडले, असे तेच सूत्र वाढवत न्यावे. या वेळी भाच्याने शहाण्या माणसासारखे चकित व्हावे. दोघेही विक्षिप्त झाले की विनोदाला टेकायला भिंत उरत नाही, आणि नवशिके सर्वाधिक इथेच घसरतात.

लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात काम केलेले इम्प्रॉव्हचे शिक्षक कीथ जॉनस्टन यांनी पात्रांच्या वरचढ आणि पडत्या स्थानावर फार भर दिला. बाकावर ऐसपैस बसलेल्या मामाला शेवटी भाच्याकडेच परतीचे भाडे मागावे लागले, तर ही उलथापालथ स्वतंत्र विनोदाविना हसवते.

हशा सर्वात मोठा असताना विंगेतील सोबत्याने रंगमंचासमोरून आडवे जाऊन प्रवेश तोडावा. सरावासाठी दोघांनी तीन मिनिटे विनोद न करता केवळ स्वीकार आणि भर एवढेच करावे, आणि पाहणाऱ्यांनी कुणी काय नाकारले तेवढेच टिपून ठेवावे.