ड्युअल बूटवर ड्राइव्हचे आयकॉन बदलताय? या चुका टाळा

एकाच मशीनवर दोन विंडोज, किंवा विंडोजच्या जोडीला लिनक्स असेल, म्हणजेच ड्युअल बूट असेल, तर ड्राइव्हना वेगवेगळे आयकॉन द्यावेत, हे मी स्वतः लोकांना सांगतो. सगळे ड्राइव्ह एकसारखे दिसले की घाईत भलत्याच जागी फाइल पडते. हौसेला माझी हरकत नाही, पण चित्र बदलायचं म्हणून कुणी पार्टिशनला (डिस्कच्या वेगळ्या भागाला) हात घातला की माझं डोकं फिरतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक तीच आहे. विंडोजमध्ये लिनक्सचं पार्टिशन दिसत नाही, आणि ते न दिसणंच बरं. विंडोजला ईएक्सटी4 (लिनक्सची फाइली ठेवायची पद्धत) वाचता येत नाही, आणि पार्टिशनचा प्रकार लिनक्सचा असल्यामुळे ती त्याला सी, डीसारखं अक्षरही देत नाही. पण काहींना ‘माय कॉम्प्युटर’मध्ये सी, डीच्या शेजारी लिनक्सचा पेंग्विन हवाच असतो.

कोपरखैरण्याचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा असाच जुना लॅपटॉप पाठीवर टाकून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला माझ्याकडे दुरुस्तीला आला. स्क्रीनवर ‘अननोन फाइलसिस्टिम’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रबला पुढचं काही सापडत नव्हतं. काय केलंस विचारलं तर म्हणाला, “काका, मी फक्त आयकॉन लावत होतो.” खोदून विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. कुठल्यातरी व्हिडिओत बघून त्याने डिस्कपार्ट या विंडोजच्या टूलमध्ये पार्टिशनचा प्रकार 83 चा 07 केला होता. 83 म्हणजे लिनक्स, 07 म्हणजे एनटीएफएस, विंडोजची पद्धत. विंडोजने लगेच अक्षर दिलं, आणि ड्राइव्हवर क्लिक केल्याबरोबर विचारलं: वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, करू का? “मग?” “मी हो म्हटलं, काका. त्याशिवाय पुढे जातच नव्हतं.”

त्यात फायनल इयरचा प्रोजेक्ट होता. बॅकअप? विचारूच नका.

क्विक फॉरमॅट असल्यामुळे सगळं पुसलं गेलं नव्हतं. मी आधी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून त्या पार्टिशनची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे इमेज, दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि पुढचं सगळं त्या इमेजवर केलं. मूळ डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांचं काम घेत नाही. ईएक्सटी4 आपल्या सुपरब्लॉकच्या (पार्टिशनच्या मांडणीच्या नोंदीच्या) प्रती पार्टिशनभर ठेवतं. ब्लॉक 4 केबीचा असेल तर पहिली प्रत 32768 क्रमांकाच्या ब्लॉकवर सापडते. ती देऊन ई2एफएससीके हे दुरुस्तीचं टूल चालवलं तेव्हा बऱ्याच फाइली हाताला लागल्या, पण कितीतरी ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये नावाऐवजी नंबर घेऊन पडल्या होत्या. त्या उघडून नावं द्यायचं काम मी त्यालाच दिलं.

तेव्हा विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं तर उत्तर ‘कॅन्सल’. ईएफआय (मशीन सुरू करताना लागणाऱ्या) आणि रिकव्हरीच्या पार्टिशनांनाही हेच लागू. त्यांना अक्षर देऊन सजवत बसू नका.

दुसरी चूक डोळ्यांवर येत नाही, म्हणून जास्त फसवते. आयकॉन दोन ठिकाणांहून येऊ शकतो. एक, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातल्या) ‘ड्राइव्हआयकॉन्स’ या कीखाली ड्राइव्हच्या अक्षरापुढे दिलेला. दोन, ड्राइव्हच्या मुळातच (कुठल्याही फोल्डरबाहेर) ठेवलेल्या ‘ऑटोरन डॉट आयएनएफ’ फाइलीतून. एका विंडोजवर दोन्ही सारखेच वाटतात. ड्युअल बूटवर तसं नाही, कारण अक्षरं ड्राइव्हची नसतात, त्या त्या विंडोजची असतात. प्रत्येक विंडोज आपल्या रजिस्ट्रीत स्वतःची यादी ठेवते. विंडोज 10 मधला डी हा विंडोज 7 मध्ये ई असू शकतो.

वर्तकनगरच्या एका अकाउंटंटने जुन्या सॉफ्टवेअरसाठी 7 ठेवलं होतं आणि बाकी कामाला 10. रजिस्ट्रीची एकच फाइल त्यांनी दोन्हीकडे चालवली. 7 मध्ये बॅकअपच्या ड्राइव्हसाठीचं तिजोरीचं चित्र जाऊन बसलं फुटकळ डाउनलोडच्या ड्राइव्हवर. ऑफिसातला मुलगा चित्र बघून तिथे बॅकअप टाकायचा आणि साहेब शनिवारी तो ड्राइव्ह रिकामा करायचे. दोघंही आपापल्या परीने बरोबर!

म्हणून माझी सवय: समाईक ड्राइव्हला ऑटोरनचीच फाइल. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ‘ऑटोरन’, दुसऱ्या ओळीत ‘आयकॉन’, बरोबरचं चिन्ह आणि आयको (आयकॉनच्या चित्राच्या) फाइलचं नाव, अर्थात सगळं इंग्रजीत. आयको फाइल त्याच ड्राइव्हच्या मुळात. ती डाउनलोड्समध्ये ठेवून सी पासूनचा पूर्ण पत्ता देऊ नका. दुसऱ्या विंडोजचा सी वेगळाच असतो. नोटपॅडने फाइलीला मागून ‘टीएक्सटी’ चिकटवलं नाही ना, तेही बघा. एक्स्टेन्शन दिसतील असं सेटिंग मी मशीन हातात आल्याबरोबर करतो.

ही फाइल विंडोजमध्ये लपवली तरी लिनक्समध्ये उघडी दिसते, आणि कुणीतरी व्हायरस समजून उडवतं. त्यांचाही दोष नाही. याच नावाच्या फाइलीतून पेन ड्राइव्हवर पसरलेल्या 2008 च्या कॉन्फिकरपासून या नावाची दहशत आहे, आणि झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह फिरवलेल्या पिढीला ती चांगली आठवते. काही अँटीव्हायरसही ती अडवतात. घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

लिनक्समधून एनटीएफएस ड्राइव्हवर आयकॉन ठेवताना ‘रीड ओन्ली’ आलं तर तो जबरदस्तीने माउंट करू (लिहिण्यासाठी जोडू) नका. विंडोज 8 पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ म्हणजे अर्धवट झोप असते आणि ड्राइव्ह विंडोजच्याच ताब्यात राहतो. रीस्टार्ट केलं तर विंडोज पूर्ण बंद होते. मी तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचंच बंद करतो. वाचलेले चार सेकंद कुणाला हवेत?

पीएनजीचं नाव बदलून आयको होत नाही. जिम्प या चित्रांच्या प्रोग्रॅममधून नीट एक्सपोर्ट करा, 16 पासून 256 पर्यंतचे आकार एकाच फाइलीत.

‘वन क्लिक’ आयकॉन पॅक इन्स्टॉलर: नको.

आयकॉन बदलला नाही म्हणून लगेच रजिस्ट्री उपसू नका. विंडोज जुनी चित्रं कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) धरून ठेवते. आधी रीस्टार्ट करा. तरीही जुनंच दिसलं तर विंडोज 10 मध्ये लोकल ॲपडेटातल्या एक्सप्लोरर फोल्डरमधल्या ‘आयकॉनकॅश’ नावाच्या फाइली उडवा, त्या परत तयार होतात.

आणि आयकॉनच्या आधी लेबल (ड्राइव्हचं नाव) द्या, समाईक ड्राइव्हचं ते दोन्हीकडे दिसतं. मराठीत द्यायचं तर एक अडचण आहे. ईएक्सटी4 च्या लेबलला 16 बाइट मिळतात आणि देवनागरीत अक्षर, काना, मात्रा प्रत्येकी 3 बाइट खातात. ‘हिशेब’ 15 बाइटांत बसतं, ‘छायाचित्रे’ बसत नाही. तिथे सरळ ‘फोटो’ लिहा.